पॅकेजचा आकडा छापता, त्याची फोड कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम आला की आपल्या पेपरात पेढा भरवतानाचा फोटो येतो आणि वर ठळक अक्षरांत 'नागपूरच्या कन्येला इतक्या लाखांचं पॅकेज'. पोरीचं कौतुक व्हायलाच हवं. पण तो आकडा वाचून आमच्या प्रतापनगरातले काका लोक त्याला बाराने भागतात आणि महिन्याचा पगार काढून मोकळे होतात. मी अशाच एका मोठ्या टेक कंपनीत काम करते, इंटरव्ह्यूही घेते, म्हणून हे पत्र.

त्या आकड्यात बेसिक आणि भत्ते असतातच. शिवाय कंपनीने भरायचा पीएफ, साधारणपणे पाच वर्षं टिकलात तरच मिळणारी ग्रॅच्युइटी आणि लवकर सोडलं तर बहुधा परत मागितला जाणारा जॉइनिंग बोनसही असतो. खरी मेख कंपनीच्या शेअर्समध्ये. ते बहुतेक ठिकाणी चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येतात. ॲमेझॉनमध्ये तर पहिल्या वर्षी 5 टक्के, दुसऱ्या वर्षी 15 आणि उरलेले 40-40 तिसऱ्या-चौथ्या वर्षी, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली. सुरुवातीची तूट रोख बोनसने भरून काढायची. शेअर खात्यात आला की त्या दिवसाच्या भावाने तो पगारात धरला जातो आणि त्यावर आयकर कापला जातो. पुढे भाव पडला, तर कापलेला कर काही कोणी परत देत नाही. बातमीत मात्र हे सगळं एकाच आकड्यात कोंबलेलं.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी एफडी मोडून मुलाला 'टेक इंटरव्ह्यू'चा क्लास लावला. त्या क्लासच्या भिंतीवर आपल्याच पेपरची कात्रणं लॅमिनेट करून लावलेली आहेत! तिथे गटाराचं झाकण गोल का असतं, असली कोडी अजून घोटून घेतात. असले प्रश्न म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, हे गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 मध्येच सांगून टाकलं होतं.

मग आम्ही बघतो काय? बायनरी सर्चचंच घ्या. क्रमाने लावलेल्या यादीत एक संख्या शोधायची, दरवेळी मधली संख्या बघून नको ती अर्धी यादी सोडून द्यायची. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून दोनने भागायचं. मुलांना तोंडपाठ. मी विचारते, यादी प्रचंड मोठी असली तर ती बेरीज व्हेरिएबलमध्ये, म्हणजे संख्या साठवायच्या ठरावीक मापाच्या जागेत, मावेल का? पाठांतरवाला तिथेच गप्प होतो. खरं तर हीच चूक जावा या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडमध्येही (लायब्ररीत) कित्येक वर्षं दडून होती, 2006 मध्ये गूगलमधले अभियंते जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीर केली. त्यामुळे चुकण्याचं मला काही वाटत नाही. 'थांबा मॅडम, मग टोकांमधला फरक घेऊ, त्याचं अर्धं करू आणि खालच्या टोकात मिळवू,' असं कोणी बोलत बोलत पुढे सरकलं की मला त्याच्याबद्दलच्या टिपणात लिहायला भरपूर मिळतं. मोडक्या इंग्रजीत बोललं तरी चालतं, पण बोलायला हवं. आपल्याकडची हुशार पोरं नेमकी तिथे मान खाली घालून बसतात.

आणि आमच्याकडे निर्णय माझ्या एकटीच्या हातात नसतो. झालं ते लिहून द्यायचं. चार-पाच जणांची टिपणं एकत्र वाचून मग ठरतं. 'आमच्या सोनूचं बघ ना वं बाई' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. रेफरलने, म्हणजे आतल्या माणसाच्या शिफारशीने, बायोडेटा उघडला जातो, पुढचं सोनूलाच करावं लागतं.

इथेच नागपुरात, मिहानच्या आयटी कंपन्यांमध्ये, टीसीएस, एचसीएलला लागलेली पोरंही आहेत. संध्याकाळी घरी जेवायला असतात, आईवडिलांना दवाखान्यात नेतात. त्यांचा फोटो कधी आलेला आठवत नाही.

माझी विनंती एवढीच: पुढच्या बातमीत फोटोखाली छोटी चौकट टाका. रोख पगार किती, बोनस किती, पहिल्या वर्षी हाती येणारे शेअर्स किती. ऑफर लेटरमध्ये हे सगळं लिहिलेलं असतं, पहिल्या पानावर थांबू नका. आणि त्या मुलीला विचारा, की तिथे जाऊन ती नेमकं काम काय करणार आहे. आपल्या एकाही बातमीत मला ते अजून वाचायला मिळालेलं नाही.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर
(कृपया नाव छापू नये. त्यासाठी कंपनीची परवानगी काढावी लागते, आणि ती प्रक्रिया इंटरव्ह्यूपेक्षा लांब आहे.)