वेंगुर्ल्याहून पत्र : पडलेल्या हार्ड डिस्कची हकीकत

वेंगुर्ले,
श्रावण शुद्ध पंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

जत्रांतल्या दशावताराची, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्याची, ध्वनिमुद्रणे वाचली की गेली, हे तू एका ओळीत विचारलेस. उत्तर मात्र एका ओळीत मावणारे नाही.

आषाढातल्या एका रात्री नेहमीप्रमाणे वीज गेली, आणि काळोखात मेणबत्ती शोधताना माझा पाय वायरीत अडकून टेबलावरची एक टेराबाइटची हार्ड डिस्क लादीवर आपटली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, म्हणजे डिस्क फिरत होती, आणि घात तिथेच झाला. बंद डिस्कमधली वाचणारी डोकी तबकड्यांपासून बाजूला ठेवलेली असतात, त्यामुळे ती एवढा मार बहुधा सोसून जाते. फिरत्या डिस्कमध्ये तीच डोकी तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतात आणि धक्का बसला की तबकडीवर आदळतात.

उचलून कानाशी धरली तर आतून टक्, टक्, टक्, मग क्षणभर थांबून पुन्हा तेच. डोक्याला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत, ते मागे येते आणि पुन्हा शोधायला जाते, त्याचा हा आवाज. तो ऐकताक्षणी वायर काढून टाकायला हवी होती. मी ती त्या रात्री आठ-नऊ वेळा जोडली. तिसऱ्या खेपेस फोल्डरांची नावेसुद्धा दिसली आणि मला वाटले, आता येईल. सकाळी शेजारच्या काकांनी सल्ला दिला, "फ्रीजरात ठेय, थंड झाली की चलतली." आपल्या पावसाळी हवेत फ्रीजरमधून काढलेल्या वस्तूवर किती पाणी धरते हे ठाऊक असल्याने तो मोह टळला. तांदळाच्या डब्याचाही सल्ला आला होता, जणू डिस्क भिजली होती. बाजारात दुरुस्ती करणारा एक मुलगा तर दुकानातल्या टेबलावरच ती उघडायला निघाला. मी हातातून काढून घेतली. नॅनोमीटरच्या फटीत धुळीचा कण म्हणजे रस्त्यातला धोंडाच.

अखेर पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पाठवली. तिथे धूळविरहित खोलीत त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची डोकी काढून माझ्या डिस्कला बसवली. मला वाटत होते की नुसते खालचे सर्किट बदलले की झाले, पण प्रत्येक डिस्कच्या डोक्यांची जुळणी वेगळी असते आणि तिची माहिती त्या डिस्कच्याच सर्किटावरील चिपमध्ये किंवा तबकडीवर नोंदलेली असते, त्यामुळे परके सर्किट सहसा चालत नाही. नंतरची त्यांची रीत मला फार आवडली. आजारी डिस्कवरून एकही फाइल थेट उघडायची नाही; आधी सगळी डिस्क सेक्टरमागून सेक्टर, म्हणजे एकेक छोटा ठरावीक तुकडा घेत, निरोगी डिस्कवर उतरवायची, जिथे अडेल तो भाग सोडून पुढे जायचे, सोपे सगळे हाती आले की मगच अवघड जागांकडे वळायचे, आणि पुढचा सारा शोध त्या नकलेवर करायचा. घरी करणाऱ्यांसाठी हेच काम डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम करतो, पण डिस्क टकटक करत नसेल तरच.

त्यांनी तबकडीचे छायाचित्र पाठवले. बाहेरच्या कडेला केसाएवढी बारीक, गोल रेघ होती. ती माझ्या आठ-नऊ प्रयत्नांची. डिस्कवर लिहिणे बाहेरच्या कडेपासून सुरू होते आणि फाइलींची नावे व पत्ते नोंदवणारा तक्ता बहुधा तिकडेच असतो. तो फाटल्यामुळे फाइली आल्या, त्यांची नावे गेली. आता कुठल्या गावची जत्रा, कोणते आख्यान, हे नटांच्या आवाजावरून आणि बोलण्यावरून ओळखत बसलो आहे.

नावे नसताना फाइली शोधल्या त्या त्यांच्या प्रकारागणिक ठरलेल्या सुरुवातीवरून. छायाचित्रे बरीच मिळाली. व्हिडिओ मात्र फार गेले, कारण मोठ्या फाइली तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या होत्या. शिवाय व्हिडिओ दाबून, म्हणजे आकार लहान करून, साठवलेला असतो. त्यातला एक छोटा भाग निसटला की पुढची काही सेकंदे बिघडतात. ध्वनीने तारले. ती मुद्रणे न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात होती, सेकंदाला १,७६,४०० बाइट. ४,०९६ बाइटचा एक सेक्टर गेला, तर सेकंदाचा जेमतेम त्रेचाळिसावा भाग जातो. मृदंगाच्या बोलांत एखादी बारीक टिचकी ऐकू येते आणि पेटी पुढे चालू राहते. दशावताराला लिखित संहिता नसते, नट त्या रात्री जे बोलले ते त्या रात्रीपुरतेच. म्हणून मला चित्रापेक्षा आवाज वाचल्याचे समाधान आहे. खर्च झाला त्याबद्दल घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, तूही सांगू नकोस.

हाती न आलेल्यांत वालावलच्या जत्रेची रात्र आहे, आणि तिची एक प्रत मी तुला सीडीवर करून दिली होती. ती अजून माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर काढ. बुरशी धरली असल्यास घासू नकोस, ओलसर मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पूस, गोल फिरवू नकोस, आणि चालते का पाहण्यासाठी प्लेअरमध्ये वारंवार घालू नकोस. दोन पुठ्ठ्यांत बांधून ठेव. गणपतीला घरी येशील तेव्हा सोबत आण. टपालाने पाठवू नकोस.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
वेंगुर्लेकर