टेप लावून फेन्स जुळत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या घरगुती सुतारकामाच्या लेखात टेबल सॉची (टेबलातून वर येणाऱ्या फिरत्या पात्याच्या करवतीची) फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे सरकवायचे ती आडपट्टी, जुळवण्याची कृती दोन ओळींत उरकली आहे : पात्याच्या पुढे आणि मागे मोजायचा टेप लावा, फेन्सपर्यंतचे अंतर सारखे करा, झाले. मी टूलरूममध्ये फिटर होतो. निवृत्तीनंतर घरी सॉ आणला तेव्हा मीही नेमके हेच केले होते. टेपऐवजी पोलादी पट्टी घेतली, एवढाच काय तो फिटरपणा!

तिसऱ्याच दिवशी हातभर लांबीची लाकडाची एक पट्टी फाडताना ती पात्याच्या मागच्या टोकाशी चिमटली, कडेने काळी पडली आणि उलटी येऊन माझ्या पोटावर आदळली. जाड एप्रन होता म्हणून काळ्यानिळ्या डागावर निभावले. दहा इंची पाते मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या घरात जातो.

नंतर डायल गेज (बारीकसा फरकही काट्याने दाखवणारे मापयंत्र) लावून पाहिले. फेन्स मागच्या बाजूला पात्याकडे 0.4 मिलिमीटर आत आली होती. चूक अशी की पुढे मी एका दाताला पट्टी टेकवली आणि मागे दुसऱ्याच. पाते थोडे तरी लहरत असतेच. ती लहर मी फेन्सच्या माथी मारली होती.

म्हणून आधी पाते, मग फेन्स. आणि दोन्ही जुळवायची ती टेबलातल्या माइटर गेजच्या (लाकूड ठरावीक कोनात धरून सरकवायच्या आधाराच्या) खाचेशी, कारण आडवा काप घेताना लाकूड त्या खाचेवरूनच सरकते. प्लग काढा, पाते पूर्ण वर घ्या, एका दातावर खडूची खूण करा. डायल गेज नसला तरी अडत नाही. खाचेत न डुगडुगता सरकेल अशी लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर आडवा तुकडा ठोका आणि त्याच्या टोकाला एक स्क्रू बसवा. खुणेचा दात पुढे आणून स्क्रू इतकाच फिरवा की पाते हाताने हलवताना दात त्याला बारीक खर्र करून घासेल. आता तोच दात मागे न्या, पट्टीही मागे सरकवा. खर्र तेवढीच आली पाहिजे. आवाज आला नाही किंवा दात अडला, तर पात्याचा आधार टेबलाखाली ज्या बोल्टांनी धरलेला असतो ते ढिले करून हलके ठोके द्यायचे. काही मशीनवर टेबलच सरकवावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, बोल्ट आवळताना जुळलेले पुन्हा हलते. माझी एक अख्खी दुपार गेली.

फेन्स त्यामानाने सोपी. दांडा दाबून ती घट्ट केल्यानंतरच मापा, कारण घट्ट होताना ती सरकते. तोच स्क्रू फेन्सच्या पुढच्या टोकाला टेकवा, मग मागे न्या. साध्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते. मागे एक कागद सहज शिरला तर चालेल; फेन्स तेवढी उघडी ठेवणारे बरेच आहेत. मी स्वतः सारखी ठेवतो. आत झुकलेली मात्र मुळीच नको. फेन्सच्या डोक्यावरचे बोल्ट ढिले करून हे साधते. गुण्या लावून ती टेबलाला काटकोनात उभी आहे ना, तेही पाहा. पुढच्या पट्टीवर छापलेल्या आकड्यांवर मी तरी विसंबत नाही.

लेखासोबतच्या चित्राबद्दलही थोडे. त्यात पात्यामागची फाळ, जी चिरलेले लाकूड मिटू देत नाही, ती दाखवलेलीच नाही. आणि फेन्स पात्याच्या उजवीकडे असताना गृहस्थ बरोबर फळीच्या रेषेत उभे आहेत, जिथे मी उभा होतो. पुढच्या अंकात चित्र दुरुस्त करून छापणार असाल तर त्यांना एक पाऊल डावीकडे सरकवावे.

आपला,
एक निवृत्त फिटर