बासचा तळ का हरवतो?

महोदय,

बास गिटारला डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारा इफेक्ट) लावलं की तळच, म्हणजे खालचा खोल आवाज, नाहीसा होतो, ही तक्रार वादकांकडून नेहमी ऐकू येते. पेडल (पायाशी ठेवायचं इफेक्टचं यंत्र) बदलत बसण्यात अर्थ नाही. सिग्नलच्या दोन वाटा करायला हव्यात.

बासनंतर लगेच बफर असलेला स्प्लिटर, म्हणजे सिग्नल दुबळा न होऊ देता दोन वाटांत विभागणारं यंत्र, लावावा. एका टोकाची दोन टोकं करणाऱ्या साध्या वाय केबलने दोन्ही वाटांवरच्या पेडलांचा भार थेट पिकअपवर (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागावर) पडतो आणि आवाजाची धार जाते. एका वाटेवर लो-पास फिल्टर (फक्त खालचे स्वर पुढे जाऊ देणारा) आणि हलका कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार कमी करणारा), दुसरीवर हाय-पास (फक्त वरचे स्वर पुढे जाऊ देणारा) आणि त्यापुढे डिस्टॉर्शन. दोन्ही फिल्टरांमधली सीमा २०० हर्ट्झच्या आसपास धरून कानाने सरकवावी. हाय-पास डिस्टॉर्शनच्या आधीच हवा, नाहीतर ४१ हर्ट्झची ई तार सगळं क्लिपिंग (सिग्नलची टोकं छाटली जाणं, ज्यातून डिस्टॉर्शन घडतं) गिळते आणि वरचे स्वर गढूळ होतात.

खरी गफलत दोन्ही वाटा मिक्सरमध्ये एकत्र येताना होते. प्रत्येक वाट एकटी भरदार, पण एकत्र पोकळ वाटली, तर एका बाजूचा सिग्नल उलटा आहे, म्हणजे त्याची अधिक-उणे दिशा बदलली आहे, असं समजावं. काही पेडल सिग्नल उलटा करतातच. शिवाय सीमेपलीकडे दर सप्तकाला १२ डेसिबलने आवाज उतरवणारे लो-पास आणि हाय-पास सीमेवर मुळातच एकमेकांविरुद्ध असतात. अशा वेळी सिग्नलची दिशा उलटवणारा पोलॅरिटी स्विच फिरवून पाहावा. डिजिटल पेडलच्या विलंबावर मात्र हा इलाज पुरत नाही. २०० हर्ट्झचं आवर्तन ५ मिलिसेकंदांचं, म्हणजे एका वाटेवर २.५ मिलिसेकंदांचा उशीरही तिथला आवाज पुसायला पुरेसा आहे. अशा वेळी दोन्ही वाटा ॲनालॉग तरी ठेवाव्यात, नाहीतर एकाच डिजिटल युनिटमध्ये.

– एक बासवादक