गोट्याने खाल्लं का?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुमची गाडी वळली तरी मी फाटकातच उभी होते. आपल्या गोट्या बोक्याला मधुमेह, म्हणून आषाढापासून सकाळ-संध्याकाळ सातला साखर मोजायला त्याचा कान शेकायची सवय. आज संध्याकाळीही फडकं गरम केलं आणि मग आठवलं की तो घरी नाही.

तुला सगळं येतं. फोनवरून मला तूच शिकवलंस : कानाच्या कडेची शीर, मागे कापसाचा बोळा. तरी एक लिहिते. आधी साखरेचा आकडा, मग खाणं, आणि खाल्लं तरच इन्शुलिनचं इंजेक्शन. ताटली तशीच राहिली तर आधी डॉक्टरांना फोन. आणि दिलं की लगेच कागदावर लिही. तुझी नि रूममेटची ड्युटी वेगळी, एकीने दिलेलं दुसरीला कळलं पाहिजे.

श्रावणातलं तुला पूर्ण सांगितलंच नाही. मी सातला दिलं आणि देवळात गेले. बाबांना वाटलं राहिलं, त्यांनीही दिलं. रात्री अकराला तो भिंतीला धडकत चालला. मशीनवर साखर ४१, फार उतरलेली. हिरड्यांना मध चोळला, दर अर्ध्या तासाने टोचत दोन वाजेपर्यंत बसलो. बाबा मोरीपाशी बसून होते. अजून त्यावर बोलत नाहीत, तूही विषय काढू नकोस. तेव्हापासून कालनिर्णयवर रोज दोन खुणा आहेत, बघ.

सिरिंजचंही बघ. आपलं इन्शुलिन १०० चं, म्हणजे एका मिलीत १०० युनिट, सिरिंजही त्याचीच, केशरी टोपणाची. तिथे कुणी लाल टोपणाची, ४० ची दिली आणि त्याच आकड्यापर्यंत भरलीस, तर अडीचपट जाईल. रागावू नकोस, शिकवायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

दिवाळीत तू सकाळपासून दर दोन तासांनी टोचून आलेख काढलास, ते आठवतं. दवाखान्यात भीतीने ३४० दाखवणारा गोट्या त्याच दिवशी घरी १९० वर होता. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तुझा कागद दोनदा बघितला आणि डोस दोन युनिटवरून एकावर आणला. तो कागद मी देवघराच्या खणात ठेवलाय. पावसात दप्तरातून पिल्लू आणून माझ्यापुढे थरथरत उभी राहिलेली तू, दोघंही भिजलेले. आत्याने केवढा गोंधळ घातला होता! आणि तेच पिल्लू उन्हाळ्यात मागच्या पायांच्या टाचा टेकवत चालायचं, ते परवा ओट्यावर उडी मारून गेलं. मी ओरडले नाही.

तू रात्री उशिरा येतेस. दुपारी साखर उतरली तर घरात कोण? हेच पुन्हा पुन्हा मनात येतं. मध फ्रीजवर ठेव, डब्यात नको. शेजारच्यांना एकदा दाखवून ठेव.

लॅन्सेटची, कान टोचायच्या सुयांची, अर्धी डबी इथेच राहिली आहे, उद्या कुरिअर करते. सकाळी त्याने खाल्लं का ते आधी लिही, आकडा नंतर. आणि तू काय खाल्लंस तेही.

तुझी,
आई