साती साती ५९

आदरणीय बाई,
सविनय नमस्कार.

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या मराठी शाळांत तिसरी-चौथीला गणित शिकवणाऱ्या आम्हा सर्वांचे हे आभारपत्र, मुद्दाम उघडे. निवृत्तीनंतरही आपण मुलांच्या वह्या मागवून घेतल्यात आणि दाखवून दिलेत, की ज्याला आम्ही 'गुणाकार चुकला' म्हणत होतो, तिथे बऱ्याचदा चुकलेले असते ते संख्या लिहिणे.

'साती साती एकोणपन्नास' मूल तोंडाने बिनचूक म्हणते आणि वहीत ५९ लिहिते. कानाला 'पन्नास' ठळक ऐकू येते. 'एकोण' म्हणजे एक उणे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. अठ्ठेचाळीसचे ८४ होतात, कारण मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. कन्नडात 'नलवत्तोंबत्तू', म्हणजे चाळीस आधी, मग नऊ. गल्लीत दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या पोरांना हा फरक दाखवला की चटकन उमगतो. आपला उपाय साधा: उत्तर आधी चिंचोक्यांत मांडायचे, दहा-दहाचे चार ढीग आणि नऊ सुटे, मगच लिहायचे. तोच पाढा पन्नासदा घोकून घेतला तर चूक जात नाही, मुरते.

पाढ्यांचा क्रमही आपलाच. आधी २, १० आणि ५. मग २ ची दुप्पट ४, ४ ची दुप्पट ८. अंड्यांचा ट्रे आडवा धरा की उभा, ५ × ६ आणि ६ × ५ दोन्ही तीसच. एवढे पटले की १० × १० च्या तक्त्यातले १०० गुणाकार ५५ वर येतात, आणि १, २, ५, १० चे वगळले तर पाठ करायला उरतात फक्त २१. अडलेच तर फोडायचे: ७ × ८ म्हणजे ७ × ५ आणि ७ × ३, ३५ अधिक २१, छप्पन्न.

हातच्याचे दुखणे वेगळे. २७ × ६ मध्ये सात सक बेचाळीस, २ मांडले, हातचे ४. आता ६ × २ = १२, त्यात ४ मिळवून १६; उत्तर १६२. मूल हातचा आधीच दोनात मिळवते, ६ × ६ = ३६ करते आणि ३६२ लिहून मोकळे होते. म्हणून आधी अंदाज: ३० × ६ = १८०, उत्तर त्याच्या खालीच हवे. २३ × १४ मध्ये दुसऱ्या ओळीतले शून्य गळते; ९२ + २३० = ३२२ ऐवजी ९२ + २३ = ११५. 'एकाने नव्हे, दहाने गुणतोयस' हे आपले वाक्य आता आमच्याही तोंडी बसले आहे.

पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, पाठ करून घ्यायचा आपला आग्रह मात्र अजून सगळ्यांना पटलेला नाही. शाळा उघडली की त्यावर भांडू. तोवर चिंचोक्यांचे डबे भरून ठेवतो.

आपले,
गणिताचे शिक्षक