चीजचा रवा आणि काकींचा प्रश्न

पुणे, ९ जुलै

संज्या लेका,

परवा फोनवर तू म्हणालास, चीज बघायला फ्रान्सला कशाला जायला पाहिजे, आमच्या गोठ्यावर ये, चार पाट्या शेण काढ, दूध फुकट पाजतो. तेव्हा उत्तर देता आलं नाही कारण मी एअरपोर्टच्या लायनीत होतो आणि माझ्या सॅकमधनं असा काही वास सुटला होता की पुढचा माणूस दोनदा मागं वळून माझ्या बुटांकडं बघत होता. आता निवांत बसलोय, स्नेहल झोपली, तर सगळं सांगतो. लांबलं तर वैतागू नको, धार काढून झाल्यावर वाच.

स्नेहलचं ऑफिसचं काम दीजाँला होतं, आठवडाभर. मी सुट्टी टाकून शेपटासारखा मागं. ती सकाळी गेली की मी रिकामा, मग पहिल्याच दिवशी एका चीजच्या दुकानात शिरलो. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, किती महिन्यांचं? मला वाटलं पोराबाळांची चौकशी करतेय, म्हणलं आमचा चौथीत आहे. ती हसून हसून लाल झाली. मग तीन चकत्या कापून पुढं ठेवल्या, एकाच चीजच्या, आठ महिने, अठरा महिने आणि तीस महिने. काँते म्हणतात त्याला. आठवाला दुधाळ, लोण्यासारखा, खाल्ला आणि विसरलो. अठरावाला तोंडात टाकला तर आधी भाजलेल्या शेंगदाण्यासारखा आणि मग मागनं कांदा परतल्यासारखं काहीतरी. तीसवाल्यात दाताखाली कचकच खडे लागायला लागले, मला वाटलं मीठ, तर ते मीठ नाहीच. चीज मुरताना त्यातली प्रथिनं तुटतात आणि टायरोसिन नावाच्या एका अमिनो आम्लाचे स्फटिक धरतात, ते. आपण आयुष्यभर ज्या पिवळ्या चौकोनी क्यूबला चीज म्हणत आलो तो, त्याचा मान ठेवून सांगतो, वेगळा प्राणी आहे.

झालं, डोक्यात किडा शिरला. हे बनतं कुठं? तर तिथनं ट्रेननं दीड-दोन तासावर ज्युराच्या डोंगरात. दुसऱ्या दिवशी निघालो. पोलिन्यी म्हणून छोटं गाव आहे, काँतेची राजधानी म्हणवून घेतं. मी पोचलो बारा वाजून दहा मिनिटांनी आणि सगळं गाव बंद! पुण्याची एक ते चार ऐकून होतो, पण ही मंडळी पुण्याचे काका निघाली. अडीचपर्यंत बाकावर बसून कोरडा पाव चावत होतो, समोर काचेआड चीज. त्या नादात परतीची गाडी पण चुकली.

पण खरं बघितलं ते शनिवारी, गाडी भाड्यानं घेऊन वर डोंगरात गेलो तेव्हा. गावोगावी चीज बनवायची जागा असते, फ्रुइतिएर म्हणतात. आत गेलो आणि संज्या, खरं सांगतो, मला आपल्या गावची दूध सोसायटी दिसली. फ्रुइतिएर म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी डेअरी. काँतेचं एक चाक चाळीस किलोच्या आसपास, आणि त्याला दूध लागतं चारशे लिटर. म्हणजे वीसेक गाईंचं एका दिवसाचं. पूर्वी एवढं दूध एकट्याकडं कुणाकडंच नसायचं. हिवाळ्यात बर्फ पडलं की रस्ते बंद, दूध विकायला नेणार कुठं? म्हणून सगळ्यांनी आपापलं दूध एका कढईत ओतायचं आणि त्याचं एक टिकाऊ मोठं चाक करून ठेवायचं. शेकडो वर्षं हेच चालत आलंय. आजही नियम असा की एका डेअरीला दूध पंचवीस किलोमीटर व्यासाच्या वर्तुळातनंच यायला पाहिजे. गाय माँबेलियार्द नाहीतर सिमेंताल, दुसरी चालत नाही. आणि मुरघास, म्हणजे आंबवून ठेवलेला चारा, बंद! वर्षभर बंद. उन्हाळ्यात हिरवं गवत, हिवाळ्यात वाळलं. तू दोन वर्षं सबसिडीच्या मागं लागून ती मुरघासाची टाकी बांधलीस, तिथं तुला सोसायटीच्या दारात उभं केलं नसतं.

आत तांब्याच्या भल्या मोठ्या कढया. तांब्याच्याच पाहिजेत. दूध कच्चं, पाश्चराइज केलेलं नाही. आणि गंमत म्हणजे पाश्चर स्वतः ह्याच भागातला, दोलला १८२२ साली जन्मला, आर्बुआत वाढला. त्याच्या दारात हे लोक कच्च्या दुधाचं चीज करत बसलेत आणि त्याचा पुतळाही उभा केलाय, दोन्ही एकदम.

तर तो चीजवाला. दूध थोडं कोमट केलं, विरजण घातलं, ते फाटायचं घातलं (त्याबद्दल खाली सांगतो, तिथंच घोळ आहे), अर्ध्या तासात घट्ट दह्यागत झालं. मग तारांच्या फणीसारखं यंत्र फिरायला लागलं आणि दह्याचे गव्हाएवढे दाणे झाले. खालनं आच वाढवली, पंचावन्न डिग्रीच्या आसपास, आणि ढवळणं चालू. आता ऐक. त्या गड्यानं बाही वर सारून कोपरापर्यंत हात घातला, मूठभर दाणे काढले, दाबले, मूठ उघडली, अंगठ्यानं चुरडून बघितलं. नाही म्हणून मान हलवली. दोन-तीन मिनिटांनी परत. मला एकदम तुमच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या आठवला, तो नाही का उकळता पाक पाण्यात टाकून बोटात गोळी करून बघायचा आणि एकदम ओरडायचा, उतरवा! त्याच्याकडं थर्मामीटर कधी बघितलायस? ह्याच्याकडं भिंतीवर कॉम्प्युटरचा स्क्रीन होता, डिग्री, वेळ, सगळं आकड्यात. त्याच्याकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. तिसऱ्यांदा मूठ उघडली, दाणे चिकटून राहिले आणि चोळल्यावर सुटे झाले, त्यानं बटण दाबलं, सगळा माल पाइपातनं साच्यात. आणि ते चाक म्हणजे अगदी आपल्या गुळाचा रवा, गुळाची ढेप रे, तीस किलोचा जुना रवा आठव, त्याहून थोडा थोराड आणि चपटा.

नंतर हे रवे मुरवायला नेतात. सेंत अँत्वान म्हणून जुना किल्ला आहे, अकराशे मीटरवर, १८७० च्या युद्धात प्रशियाकडून मार खाल्ल्यावर बांधलेला. लढाई काही तिथं झाली नाही, १९६६ पासून आत चीज आहे. एक लाखाच्या आसपास चाकं, संज्या! फळ्यांवर छपरापर्यंत रांगा, देवदारासारख्या झाडाच्या फळ्या, आणि मधल्या बोळातनं एक रोबो फिरतोय, एकेक चाक काढतो, उलटवतो, मिठाच्या पाण्यानं पुसतो, परत ठेवतो. दार उघडल्या उघडल्या डोळ्यात अमोनिया गेला, पावसाळ्यात पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर जातो तसाच. आमच्या ग्रुपमधल्या दोघी बायका बाहेर पळाल्या, मी खोल श्वास घेतला, बाबांची आठवण आली.

तिथला जाणकार हातातल्या सळईच्या मागच्या टोकानं चाक ठोकतो, कलिंगड वाजवून घेतात तसं, आणि आत भेग आहे का पोकळी आहे ते आवाजावरनं ओळखतो. मग तीच पोकळ सळई आत खुपसायची, नमुना काढायचा, वास घ्यायचा, आणि भोक त्याच तुकड्यानं बुजवायचं. किमान चार महिने मुरल्याशिवाय विकता येत नाही. वीसपैकी मार्क मिळतात. चौदा आणि वर असेल तर हिरवी पट्टी, बारा ते चौदा असेल तर तपकिरी, बाराच्या खाली गेलं की त्याला काँते म्हणायचं नाही. मी तिथं उभा राहून आपल्या सोसायटीतल्या फॅटच्या मशीनचा विचार करत होतो, सकाळी सहाला कॅन घेऊन लायनीत, आणि चिठ्ठीवर पाच पॉइंट आठ बघून बाबांचं तोंड कसं पडायचं. त्यांनी एकदा तरी चव बघून मार्क दिले असते तर!

आणखी एक, हे तुला आवडेल. उन्हाळ्यातल्या दुधाचं चीज पिवळं आणि हिवाळ्यातल्याचं फिकट पांढरं. गवतातलं कॅरोटीन दुधात उतरतं म्हणून. तुझ्या म्हशी ते पोटातच व्हिटॅमिन ए करून टाकतात, म्हणून त्यांचं दूध बारा महिने पांढरंफेक. तेव्हा तुझ्या दुधाचं काँते केलं तरी ते काँतेसारखं दिसणार नाही, नाद सोड.

माँ दोर नावाचं एक चीज पण खायचं होतं, सालीच्या पट्टीत गुंडाळून लाकडी डब्यात येतं, चमच्यानं खातात. मागितलं तर दुकानदार माझ्याकडं असा बघायला लागला की मी मे महिन्यात हुरडा मागितलाय. दहा सप्टेंबर ते दहा मे, तेवढंच विकतात. मी गेलो जूनमध्ये. दुसरं मोर्बिये मात्र मिळालं, त्याच्या मधोमध काळी रेघ असते. पूर्वी संध्याकाळचं दूध चाकाला पुरायचं नाही, तेव्हा त्याच्या दह्यावर कढईची काजळी फासून झाकून ठेवायचे आणि सकाळचं वर घालायचे. आता रेघ नुसती नावाला, वनस्पतीच्या कोळशाची. खायला ठीक, गोष्टच जास्त चविष्ट.

आता घोळ. दूध फाडायला ते रेनेट वापरतात, आणि काँतेला ते वासराच्या पोटातलंच लागतं, तसा नियमच आहे. दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटात एक पाचक रस असतो, आईचं दूध पोटात थांबावं म्हणून निसर्गानं दिलेला, तो वापरतात. वासरू जिवंत ठेवून काढता येत नाही, हे तुला सांगायला नको.

आणि मी तिथं उभा असताना, ऐन कढईसमोर, काकींचा व्हिडिओ कॉल आला तुझ्या फोनवरनं. आधी कौतुक झालं, मग सरळ मुद्द्यावर, "फाडतात कशानं रे? लिंबू पिळतात का?" माळकरी बाई, वारीवरनं येऊन चार दिवस झालेले. मी काय सांगणार? म्हणलं, विरजण घालतात काकी. खोटं नाही बघ, विरजण घालतातच, माझ्यासमोर घातलं होतं. नरो वा कुंजरो वा. पण त्या म्हणाल्या, मग मला पण आण एक तुकडा, आणि मी हो म्हणून बसलो.

तुकडा आणलाय, अठरा महिन्यांचा, पाऊण किलो, व्हॅक्यूम पॅक करून. रविवारी गावाकडं येतोय. तू खा, फ्रीजमधनं काढून तासभर बाहेर ठेव आणि मग खा, गार खाल्लास तर साबण लागेल. काकींना काय सांगायचं ते तू सांग, तुझी आई. मी आल्यावर माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं तर मी परत खोटं बोलू शकणार नाही, आणि खरं सांगितलं तर चुलीवरची भाकरी बंद होईल माझी. पोर्तुगालात सेरा दा एस्त्रेला म्हणून मेंढीच्या दुधाचं चीज असतं, ते एका काटेरी झाडाच्या वाळल्या फुलांनी फाडतात, फूलच, दुसरं काही नाही. स्नेहलच्या ऑफिसची तिकडं शाखा आहे का विचारून ठेवलंय. तोवर काकींना म्हणावं, पक्याचं चीज एअरपोर्टवर काढून घेतलं.

तुझा,
पक्या