कथा-कविता स्पर्धा : साहित्य २८ जानेवारीपर्यंत द्या

सभासदहो, नमस्कार.

सिंधुदुर्गातल्या आठही तालुक्यांसाठी असलेल्या आपल्या स्पर्धेचं साहित्य २८ जानेवारीला, म्हणजे मराठी भाषा संवर्धन पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी ६ पर्यंत वाचनालयात पोचायला हवं. मुदत वाढणार नाही. गेल्या वर्षी वाढवली आणि परीक्षकांना रात्री जागवाव्या लागल्या.

• शालेय गट (५वी ते १०वी) : एक कविता किंवा ५०० शब्दांपर्यंत कथा.
• खुला गट (अकरावीपासून पुढे सगळे) : कथा १५०० शब्दांपर्यंत. कविता असल्यास दोनच.
• मालवणी चालेल. चालेल कसली, हवीच आहे!
• लिखाणाच्या पानावर नाव नको. नाव, गाव, फोन वेगळ्या चिठ्ठीवर.

पालकांना खास विनंती : मुलांचं लिखाण ‘सुधारून’ देऊ नका. सहावीतल्या मुलाच्या कथेत ‘तद्वतच’ आलं की परीक्षकांना बरोबर कळतं. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही.

बक्षीस समारंभ २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीदिनी, सकाळी १० वाजता वाचनालयाच्या सभागृहात. खुर्च्या मांडायला चार जण हवेत, नावं ग्रंथपालांकडे द्यावीत.

– कार्यवाह